सुईबाईंचा शेरा

सार्वजनिक ध्वनिमुद्रिका-संग्रहालयाच्या दुसऱ्या मजल्यावर, जिना संपतो तिथे, एक लहानशी खोली होती. तिच्या भिंतींना आवाज अडवायला जाड करडे लोकरी नमदे लावलेले होते आणि दाराच्या कडेला रबराची पट्टी. त्या खोलीत बसून एक बाई एकतीस वर्षे ऐकत आल्या होत्या. ऐकणे हाच त्यांचा चरितार्थ. ग्रंथालयातून पुस्तके न्यावीत तसे इथले सभासद लाँगप्ले रेकॉर्डी घरी नेत आणि पंधरवड्याने परत करीत. परत आलेली प्रत्येक रेकॉर्ड कपाटात जाण्यापूर्वी दोन्ही बाजूंनी अथपासून इतिपर्यंत ऐकली जावी आणि तिच्यावर नवा ओरखडा पडला आहे की काय ते कार्डावर नोंदवले जावे, असा तेथील दंडक होता. कार्डावर ‘स्वच्छ’ असा निर्वाळा घेऊन गेलेली रेकॉर्ड टकटकत परत आली, तर नेणाऱ्याचे सभासदत्व सहा महिने स्थगित होई. तेव्हा ‘स्वच्छ’ हे अक्षरद्वय किरकोळ नव्हते. एका मनुष्याच्या निर्दोषत्वाचे ते प्रमाणपत्र होते, आणि ते देण्याचा अधिकार या बाईंच्या कानांकडे होता.

संग्रहालयात त्यांना सगळे सुईबाई म्हणत. रेकॉर्डवर सुई ठेवताना त्यांचा हात इतका हलका असे, की जणू निजलेल्या बाळाच्या कपाळाला कुणी बोट लावावे.

कार्डाची पुढची बाजू नियमाची. मागची बाजू कोरी असे. सुईबाई नोकरीला लागल्या त्या वर्षी जुने अधीक्षक त्यांना म्हणाले होते, “एवढं ऐकताच आहात, तर मागे दोन ओळी लिहीत जा. कसं वाटलं ते. दुकानदाराला आपला माल ठाऊक असावा.” बाईंनी भीतभीत पहिला शेरा लिहिला. पुढे सभासद कार्डाची पुढची बाजू पाहीनासे झाले. ते आधी कार्ड उलटून पाहत.

त्या शेऱ्यांत संगीतशास्त्र नव्हते. होता तो केवळ प्रत्यय. निळ्या वेष्टनातल्या एका तुतारीवादकाविषयी त्यांनी लिहिले होते : ‘हा दोन स्वरांच्या मध्ये दार उघडे टाकून जातो. शाल घेऊन ऐकावे.’ जगभर गाजलेल्या चार तरुणांच्या कर्कश वाद्यमेळाविषयी : ‘पहिल्यांदा राग आला. दुसऱ्यांदा स्वतःचा राग आला. तिसऱ्यांदा नाचावेसे वाटले. दार बंद होते हे बरे.’ चाळीस पुरुषांच्या वृंदगानावर : ‘गाण्यापूर्वी चाळीस जण एकदम श्वास घेतात. त्या श्वासाला तोड नाही.’ पियानोच्या प्रसिद्ध अभ्यासपाठांवर : ‘शिस्त. उपाशीपोटी ऐकू नये.’ विनोदी गाण्यांच्या एका रेकॉर्डवर नुसतेच : ‘पाहुणे उठत नसतील तेव्हा दुसरी बाजू लावावी.’

आणि एका गायिकेच्या दोन रेकॉर्डी होत्या. तिने ऐन पंचविशीत दहा गाणी ध्वनिमुद्रित केली आणि तीच दहा गाणी त्याच क्रमाने सत्तराव्या वर्षी पुन्हा गायली. दोन्हींचे शीर्षक एक, मधल्या चकतीचा तांबडा रंगही एकच. भेद फक्त कडेला बारीक छापलेल्या क्रमांकाचा. तारुण्यातल्या रेकॉर्डवर बाईंनी लिहिले होते : ‘उजेड.’ उत्तरवयातल्या रेकॉर्डवर लिहिले होते : ‘कधी थांबावे हे कळणे हाही गळ्याचाच गुण. तो इथे नाही.’ तेव्हा बाई अठ्ठावीस वर्षांच्या होत्या. त्या एका वाक्यामुळे ती रेकॉर्ड तीन दशके कपाटात जवळजवळ अस्पर्श पडून राहिली.

भयाचा प्रवेश झाला तो एका किटलीच्या निमित्ताने.

बाई आणि त्यांची धाकटी बहीण अशा दोघीच घरी असत. बहीण कपडे शिवी, आणि तोंडात टाचण्या धरूनही तिची जीभ चालू असे. एका सकाळी ती स्वयंपाकघरात धावत आली.

“अगं ताई! किटली केव्हाची ठणाणा करतेय! आणि तू तिच्या शेजारी उभी!”

“विचारात होते गं.”

“मग तुझे विचार भलतेच मोठ्याने चालतात म्हणायचे.”

बाई हसल्या आणि किटलीकडे वळल्या. किटलीच्या नळीतून वाफ शुभ्र, वेगवान निघत होती आणि तिला ध्वनी नव्हता. पडद्यामागे कुणीतरी बोलत आहे, ओठ हलताना दिसत आहेत आणि शब्द येत नाहीत, असा तो अनुभव होता. बाईंनी किटली उतरवली, पुन्हा ठेवली, पुन्हा उकळू दिली. कान अगदी जवळ नेला. गालाला वाफेचा चटका बसला. शिट्टी आली नाही.

त्या दिवसापासून त्या खोलीतले ऐकणे पालटले. ओरखड्याचा टक् हा अतिशय बारीक, टोकदार ध्वनी. नेमका तोच त्यांना सोडून जात होता. सुरांचे शरीर ऐकू येई, त्याची नखे ऐकू येत नसत. मग बाईंनी डोळ्यांना कामाला लावले. हातात भिंग घेऊन त्या सुईकडे एकटक पाहत. ओरखड्यावरून जाताना सुईची दांडी केसाएवढी उसळते, ती उसळी त्या टिपत. तेही पुरेना तेव्हा त्यांनी आणखी एक मार्ग शोधला. रेकॉर्ड-प्लेअरच्या लाकडी पेटीच्या कडेवर त्या दात टेकवीत. लाकडातून, दातांतून, जबड्याच्या हाडातून तो टक् डोक्यात पोचे. एकतीस वर्षे ज्या खोलीत त्या ताठ बसल्या, त्याच खोलीत आता वाकून लाकूड चावीत असत, आणि एक डोळा दाराच्या मुठीवर असे. कुणी आत आले तर? पावले तर ऐकू येणारच नव्हती. खोलीची रचनाच तशी होती. मूठ फिरताना दिसेल एवढाच काय तो आधार.

घरीही त्यांनी सावध व्हायला आरंभ केला. बहीण पाठमोरी असताना काही बोलली की त्या “हं” म्हणत. एकदा ती गर्रकन वळली.

“काय हं? मी विचारलं, निळा दोरा कुठे ठेवलास. हं कुठे ठेवतात?”

“तू टाचण्या काढून बोल आधी.”

“ऐकायचं नसलं की तुला बरोबर ऐकू येत नाही, ताई. लहानपणापासून तशीच आहेस.”

बाईंना क्षणभर वाटले, आत्ताच सांगून टाकावे. परंतु भयाचा एक धर्म असा आहे, की ते बोलून दाखवले की खरे होते. न उच्चारलेले अद्याप टळू शकते, अशी मनाची समजूत असते. त्या निळा दोरा शोधू लागल्या.

त्याच सुमारास नवे अधीक्षक त्यांच्या खोलीत आले. वयाने बाईंपेक्षा लहान, नियमाला काटेकोर आणि मनाने वाईट मुळीच नाहीत, असे ते गृहस्थ. सुदैवाने बाईंनी मूठ फिरताना पाहिली होती.

“बाई, संस्थेला पन्नास वर्षं होतायत. तुमचे शेरे आम्ही छापणार आहोत. निवडक चाळीस रेकॉर्डी, खाली तुमचं नाव.”

“छापण्यासारखं काय आहे त्यात, साहेब?”

“ते सभासदांना विचारा. माझी बायको माझ्यापेक्षा तुमच्या शेऱ्यांचं जास्त ऐकते. फक्त एक करा. चाळीसही पुन्हा एकदा ऐका आणि शेरा आजचा आहे असं बघा. जुनं छापलं असं कुणी म्हणायला नको.”

ते गेले. दुसऱ्या कुणाला हा गौरव वाटला असता. बाईंना ती चौकशी वाटली.

त्यांनी ऐकायला प्रारंभ केला. त्यानंतरचे तीन आठवडे म्हणजे एकेक घर ठोठावून तिथले माणूस अजून हयात आहे की नाही हे पाहण्याचा प्रकार होता. निळ्या वेष्टनातला तुतारीवाला होता. परंतु त्याच्यामागे झांजेवर फिरणारी तारेची कुंचली, ती पावसाच्या तुषारांसारखी भुरभुर, नव्हती. चार तरुणांचा वाद्यमेळ होता, पण घोंगडीखाली वाजवल्यासारखा. पियानोच्या पाठांत उजव्या हाताचा शेवटचा मजला कुणी उतरवून नेला होता; बोटे जिना चढत जात आणि वर गेल्यावर दिसेनाशी होत. वृंदगान त्यांनी मुद्दाम शेवटी ठेवले होते. त्यांनी सुई ठेवली, डोळे सुईवर रोखले आणि तो श्वास यावा म्हणून स्वतःचा श्वास धरून बसल्या. एकदम गाणेच आले. चाळीस माणसे श्वास न घेता गाऊ लागली. मृत माणसे गायली तर अशीच गातील, असे बाईंना वाटले.

त्यांनी जुनाच शेरा जसाच्या तसा उतरवून काढला : ‘त्या श्वासाला तोड नाही.’ खाली आजची तारीख घातली. अशा रीतीने एकोणचाळीस कार्डे झाली. हे लिहिताना हात थरथरत नव्हता, याचीच त्यांना अधिक भीती वाटली.

चाळिसावी ‘उजेड’. एक विद्यार्थिनी त्या गायिकेच्या दोन्ही रेकॉर्डी एकदम घेऊन गेली होती, त्या नुकत्याच परत आल्या होत्या. बाईंनी तारुण्यातल्या रेकॉर्डचे वेष्टन उचलले, आतली रेकॉर्ड कडेने धरून काढली, मखमली ब्रश फिरवला आणि सुई ठेवली. इथेही काही उरले नसेल, अशी मनाची तयारी करून त्या दाढा आवळून बसल्या.

पण इथे काहीतरी होते. आवाज जड होता, खालच्या पट्टीला भिडलेला, प्रत्येक शब्दापाशी थबकणारा, आणि त्यातले काहीही निसटत नव्हते. कित्येक महिन्यांत प्रथमच एखादा आवाज आपणहून चालत त्यांच्यापर्यंत आला. हा आवाज असा होता? इतकी वर्षे कसे कळले नाही? पाच गाणी त्यांनी भिंग धरून ऐकली. दुसरी बाजू लावली, सहावे गाणे सुरू झाले, आणि बाईंच्या हातातले भिंग कधी खाली आले ते त्यांना समजले नाही. त्यांनी डोळे मिटले. कानांवर एवढा विश्वास टाकण्याचे धैर्य त्यांना फार दिवसांत झाले नव्हते.

कार्डावर त्यांनी पुढे ‘स्वच्छ’ लिहिले. मागे जुना शेरा उतरवला नाही. नवा लिहिला : ‘मी याला उजेड म्हटले होते. चुकले. हा अंधारात चालणाऱ्या माणसाचा आवाज आहे. भिंतीला हात लावीत, न धडपडता. घर त्याला पाठ आहे.’ त्या दिवशी त्या घरी गेल्या त्या जिवात जीव आल्यासारख्या. बहिणीला म्हणाल्या, “आज ऐकलं मी काहीतरी.” बहीण म्हणाली, “नवलच! निळ्या दोऱ्याचं ऐकलंस का?”

दोन आठवड्यांनी त्यांच्या खोलीची मूठ फिरली. सूरवाले काका आत आले. पियानोचे सूर लावत गावभर हिंडणारे हे सत्तरीचे गृहस्थ संग्रहालयाचे सर्वांत जुने सभासद. घरी एकटेच असत. पंधरवड्याला दोन रेकॉर्डी हाच त्यांचा गोतावळा.

“बाई, आहात का जाग्यावर? का समाधी लागलीय?”

“या ना काका. बसा.”

“बसत नाही. गुन्हेगार आहे मी.” त्यांनी हातातली रेकॉर्ड टेबलावर ठेवली. “तुमचा नवा शेरा वाचून ही नेली. आतमध्ये कोण निघालं माहितीय? म्हातारी! अदलाबदल झालीय वेष्टनांची. त्या आधीच्या पोरीने केली असणार.”

बाईंनी रेकॉर्ड जवळ ओढून कडेचा क्रमांक वाचला. काका हसतच होते.

“पण गंमत सांगू? शेरा या म्हातारीलाच बरोब्बर लागू पडतो. अंधारात चालणारा माणूस! मी तर दोनदा ऐकली. म्हटलं, बाईंनी ऐकलंय खरं, फक्त नाव दुसऱ्याचं लावलंय. तेवढं बदलून टाका. आणि एक वाईट झालं. सहाव्या गाण्यात ओरखडा आहे. टक, टक, टक, घोडं चालल्यासारखं. तुम्ही स्वच्छ लिहून दिलं होतंत, म्हणजे माझ्याच हातून पडला. खाली साहेबांना सांगून सही करून आलो. सहा महिने आता घरी बसून स्वतःचं घोरणं ऐकायचं.”

“काका, पण तुम्हाला आठवतंय का, कधी पडला ते?”

“नाही आठवत. हात कापतो हल्ली. त्यात तुमचा कान चुकत नाही, हे आख्ख्या गावाला माहीत आहे. मग मीच की!”

ते टोपी सारखी करून निघून गेले. त्यांच्या बोलण्यात कुठेही आरोप नव्हता, आणि नेमके तेच बाईंना सहन होईना. कुणी संशय घेतला असता तर त्यांना काही लपवता तरी आले असते. एवढ्या निःशंक विश्वासासमोर लपायला जागाच नव्हती.

त्यांनी रेकॉर्ड लावली. सहाव्या गाण्यावर सुई ठेवली, दात लाकडाला टेकवले. टक. टक. टक. हाडातून घण पडावेत तसे ते आले. पण एवढ्याने काय सिद्ध होत होते? ओरखडा काकांच्या घरी पडलाच नसेल कशावरून? हात कापतो असे म्हातारा स्वतःच सांगत होता. ही पळवाट त्यांना दिसली, आणि ती किती सोयीची आहे हेही दिसले. त्यांनी भिंग घेतले, दिवा जवळ ओढला आणि ओरखड्यात पाहिले. नवा ओरखडा काळ्या रेकॉर्डवर चकाकतो. हा राखाडी होता. त्याच्या तळाशी धूळ बसून, मुरून, घट्ट झालेली होती. दोन आठवड्यांत धूळ अशी मुरत नाही. त्याला काही महिने लागतात.

म्हणजे त्या दिवशी सहाव्या गाण्यात त्यांनी डोळे मिटले होते तेव्हा हे घोडे चालतच होते. जे एकच ऐकणे खरे म्हणून त्यांनी उराशी धरले होते, त्यातच ते टापा वाजवीत गेले आणि त्यांना कळले नाही. आणि दुसरा प्रश्न त्याहून भयंकर होता. अठ्ठाविसाव्या वर्षी त्या म्हाताऱ्या गळ्यातली खरखर, फाटलेला वरचा स्वर, धाप, हे सारे ऐकून त्यांनी तिला दोषी ठरवले होते. आज तिच्यातले सत्त्व त्यांना कळले, की केवळ खरखर ऐकू येईनाशी झाली म्हणून ती गोड लागली? याचा निर्णय करू शकेल असा कान आता त्यांच्यापाशी नव्हता.

त्या दिवशी घरी त्यांना जेवण गेले नाही. बहिणीने पाठ करून काहीतरी विचारले. बाई “हं” म्हणाल्या नाहीत. उठून तिच्या समोर जाऊन उभ्या राहिल्या.

“मला ऐकू आलं नाही. तू काय बोललीस ते मला खरंच ऐकू आलं नाही.”

बहिणीने तोंडातल्या टाचण्या एकेक करून काढल्या. मग ती म्हणाली, “कधीपासून?”

“किटलीपासून.”

“मेले, मग मी एवढे महिने कुणाशी भांडतेय?” असे म्हणून ती रडू लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाई अधीक्षकांसमोर उभ्या राहिल्या. हातात चाळीस कार्डे होती.

“साहेब, सूरवाल्या काकांची सही खोडा. ओरखडा जुना आहे. स्वच्छ मी लिहिलं, ते चुकीचं लिहिलं. आणि ही एकोणचाळीस कार्डं छापू नका. मी ती ऐकून लिहिलेली नाहीत.”

अधीक्षकांनी वर पाहिले. “मग कशी लिहिलीत?”

“आठवून.”

खोलीतले घड्याळ चालू असावे. बाईंना त्याचा लंबक तेवढा दिसत होता. अधीक्षकांनी काकांच्या सहीचा कागद काढला, सहीवर आडवी रेघ मारली, मग ओठ स्पष्ट हलवीत हळू म्हणाले, “बाई, कानाची तपासणी करून या. कागद आणा. त्यानंतर काय ते बघू. आधी मी काही बोलत नाही.” त्यांचा स्वर कठोर होता की कनवाळू, हे बाईंना ओळखता आले नाही. स्वरांतले ते बारकावेही बहुधा त्याच वरच्या मजल्यावर राहत असावेत.

चाळिसावे कार्ड मात्र त्यांनी मागून घेतले. त्यावरचा क्रमांक खोडून म्हाताऱ्या गायिकेचा क्रमांक घातला. ‘स्वच्छ’ खोडून ‘सहाव्या गाण्यात जुना ओरखडा’ असे लिहिले. मागच्या शेऱ्याखाली एक ओळ वाढवली : ‘हे लिहिणारीला नीट ऐकू येत नाही. सभासदांनी स्वतः ऐकून ठरवावे.’ आणि त्या रेकॉर्डचे तीस वर्षांपूर्वीचे जुने कार्ड फाडून टाकले.

तपासणीची खोली दवाखान्याच्या तळघरात होती. भिंतींना तसेच करडे नमदे, दाराला तशीच रबराची पट्टी. बाईंना क्षणभर वाटले, आपण आपल्याच खोलीत आलो आहोत आणि आज ऐकली जाणारी वस्तू आपणच आहोत. बहीण बाहेरच्या बाकावर पर्स छातीशी धरून बसली होती. तपासनीस मुलीने बाईंच्या कानांवर जड हेडफोन चढवले, हातात बटण दिले आणि तोंडासमोर येऊन सांगितले, “आवाज आला की दाबायचं. कितीही बारीक असला तरी. घाबरू नका हं, मावशी.”

मग ती काचेपलीकडे जाऊन बसली. तिचा उजवा हात एका गोल खुंटीवर होता. खुंटी फिरली की हाताची नस हलत होती. काचेतून ती स्वच्छ दिसत होती. ज्या डोळ्यांनी सुईची केसाएवढी उसळी टिपली, त्यांना ही नस टिपणे अवघड नव्हते. नस हलली की बटण दाबायचे. कागदावर सारे चांगले उमटेल. खोली परत मिळेल, खुर्ची मिळेल, निळे वेष्टन मिळेल.

नस हलली. बाईंचा अंगठा बटणावर आला.

त्यांनी अंगठा उचलला, आणि डोळे मिटून घेतले.

आता काहीच नव्हते. तपासणी सुरू झाली की नाही, एक ध्वनी येऊन गेला की दहा, हे कळण्याचा मार्ग उरला नव्हता. छातीत ठोके पडत होते, ते मात्र स्पष्ट. बाई त्या ठोक्यांच्या पलीकडे कान लावून बसल्या, श्वास धरून, त्या अंधारात भिंत शोधीत. कितीतरी वेळाने, फार लांबून, खालच्या पट्टीत काहीतरी आल्यासारखे वाटले. आले की आठवले? त्यांनी आणखी थोडे थांबून पाहिले. ते पुन्हा आले.

त्यांनी बटण दाबले.